‘पांढरं जातं’ म्हणून झाकलेलं दुखणं

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यात बाळंतपणानंतरचं एक दुखणं बाई आशाताईलाही सांगत नाही. वारा पुढच्या वाटेनं सरतो, पातळ शौच योनीतून झिरपतं, वास लपत नाही. कापूस वेचताना ती सगळ्यांपासून लांबची पात धरते. दवाखान्यात गेलीच तर ‘पांढरं जातं’ एवढंच म्हणते. मग पांढऱ्याच्या गोळ्या मिळतात आणि वर्षं निघून जातात.

योनी आणि गुदाशय यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. त्याला आरपार भोक पडलं, की डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात. बाळ अडून कळा फार लांबल्या, तर त्याचं डोकं आणि आईचं हाड यांत तो पडदा चेपला जातो, रक्त न पोचल्यानं मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. म्हणून गळती त्याच दिवशी सुरू होईल असं नाही. बाळ बाहेर येताना योनीचं तोंड गुदद्वारापर्यंत फाटलं आणि ते नीट शिवलं गेलं नाही किंवा टाके पिकले, तरी हेच होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शेक (रेडिएशन) घेतलेल्या बाईला तर काही वर्षांनीही होऊ शकतं. आतड्याचा क्रोन्स आजार, गळू, एखादं ऑपरेशन हीही कारणं आहेत.

भोक मोठं असेल तर तपासणीतच कळतं. बारीक असेल तर योनीत कापसाचा बोळा ठेवून गुदाशयात निळं औषध सोडतात. बोळा निळा झाला, की वाट सापडली. गुदद्वाराचा स्नायू शाबूत आहे का, हे सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दिसतं. कर्करोगाची शंका असल्यास तुकडा तपासतात.

उपचारातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. बाळंतपणातलं बारीक भोक कधी आपोआप भरतं. नाही भरलं तरी सूज आणि पू ओसरायला साधारण 3 ते 6 महिने द्यावे लागतात. कच्च्या मांसात घातलेले टाके पुन्हा उसवतात. पहिल्या ऑपरेशनला यशाची संधी सर्वांत जास्त असते, म्हणून ते घाईत करून घेऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. त्यात गुदाशयाचं निरोगी अस्तर ओढून भोक झाकतात, तुटलेला स्नायू जोडतात. शेकानं करपलेल्या जागी शेजारची चरबी आणून बसवतात, कधी शौचाची वाट काही महिने पोटावर काढतात. क्रोन्स असेल तर आधी औषधांनी तो आटोक्यात आणतात. यानंतरचं बाळंतपण बहुधा सिझेरियननं करायला सांगतात.

सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग आणि सर्जरी हे दोन्ही विभाग आहेत. तिथं ‘पांढरं जातं’ म्हणू नका. ‘डॉक्टर, माझा वारा पुढच्या वाटेनं जातो,’ असं सांगा.