उपग्रह दूरचित्रवाणीची घरातील तारजोडणी

डिश अँटेनाने पकडलेला संकेत घरातल्या प्रत्येक दूरचित्रवाणी संचापर्यंत नेणारी केबल, कनेक्टर आणि स्विच यांची मांडणी. वरकरणी ती साध्या अँटेनाच्या जोडणीसारखी दिसते. फरक असा, की इथे एकच केबल दोन्ही दिशांनी राबते: चित्र-ध्वनीचा संकेत तिच्यातून खाली येतो आणि सेट-टॉप बॉक्सकडून वीज व हुकूम तिच्यातूनच वर जातात. या जोडणीचे बहुतेक नियम यातूनच निघतात आणि तिच्यातले बरेचसे बिघाडही.

प्रसारण उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किमी. उंचीवरील भूस्थिर कक्षेत असतात. तिथून येणारा संकेत पृथ्वीवर पोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतो. घरगुती प्रक्षेपणासाठी बहुधा वापरल्या जाणाऱ्या केयू पट्ट्याची वारंवारता १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्‌झ असते. इतक्या उच्च वारंवारतेचा संकेत साध्या केबलमध्ये थोड्याच अंतरात विरून जातो. म्हणून डिशच्या नाभीपाशी एलएनबी (लो-नॉइज ब्लॉक) हा घटक बसवतात. तो संकेत जागीच वाढवतो आणि त्याची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झपर्यंत खाली आणतो. घरात उतरते ती ही मधली वारंवारता.

आता खरी अडचण. उपग्रहाचे प्रक्षेपण उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवणांत (म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दिशांत) येते आणि प्रत्येक ध्रुवणात वारंवारतेचा खालचा व वरचा असे दोन भाग असतात. एका केबलमध्ये हे चारही भाग एका वेळी मावत नाहीत. म्हणून बॉक्स हवा तो भाग मागवून घेतो. त्याने १३ व्होल्ट पाठवले तर सार्वत्रिक एलएनबी उभे ध्रुवण निवडतो, १८ व्होल्ट पाठवले तर आडवे. सोबत २२ किलोहर्ट्‌झचा सूर असला तर वरचा भाग, नसला तर खालचा. काही प्रक्षेपणांत वर्तुळाकार ध्रुवण वापरतात, पण तिथेही निवड पाठवलेल्या व्होल्टांवरूनच होते.

दोन संचांसाठी केबलला नुसता स्प्लिटर (एका केबलचे फाटे करणारा जोड) लावण्याची चूक सर्रास होते, तिचे मूळ इथे आहे. स्प्लिटरमुळे प्रत्येक शाखेत निम्म्याहून कमी संकेत उरतो, पण ते नुकसान एक वेळ भरून काढता येईल. एक बॉक्स १३ व्होल्ट आणि दुसरा १८ व्होल्ट मागत असला, तर एलएनबी त्यांपैकी एकाचेच ऐकू शकतो. दुसऱ्या खोलीतल्या वाहिन्या जातात. यावर सरळ उपाय म्हणजे दोन, चार किंवा आठ स्वतंत्र निर्गम असलेला एलएनबी लावून प्रत्येक बॉक्सला स्वतःची केबल देणे. संच जास्त असतील तर चारही भाग चार केबलींतून कायम पाठवणारा एलएनबी आणि त्याखाली मल्टिस्विच बसवतात. मल्टिस्विच प्रत्येक खोलीची मागणी स्वतंत्रपणे पुरवतो. एकाच केबलवर अनेक बॉक्स चालवण्याची युनिकेबल पद्धतही आहे. तिच्यात प्रत्येक बॉक्सला ठरावीक वारंवारता नेमून दिलेली असते, मात्र एलएनबी व बॉक्स दोन्ही त्या पद्धतीचे असावे लागतात.

घर बांधताना किंवा दुरुस्त करताना भिंती उघड्या असतील, तर प्रत्येक खोलीतून एका मध्यवर्ती जागेपर्यंत अखंड केबल आणावी आणि ती नळीतून न्यावी. खोलीतून खोलीत केबल पुढे ढकलत नेण्यापेक्षा हे महाग पडते, पण नंतर एलएनबी बदलो वा पद्धत, भिंत पुन्हा फोडावी लागत नाही.

केबल ७५ ओहम संरोधाची (इम्पीडन्स), आरजी-६ प्रकारची वापरतात. १००० मेगाहर्ट्‌झला तिच्यात १०० मीटरमागे साधारण २० डेसिबेल ऱ्हास होतो आणि वारंवारता वाढेल तसा तो वाढत जातो. त्यामुळे लांब केबलीचा फटका आधी वरच्या वारंवारतेच्या वाहिन्यांना बसतो. गाभ्याची तार शुद्ध तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. संकेतापुरता दोन्हींत फारसा फरक नाही, कारण इतक्या वारंवारतेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागातल्या काही मायक्रोमीटर थरातूनच वाहतो. वर जाणारी वीज मात्र सगळ्या गाभ्यातून वाहते आणि पोलाद तिला जास्त अडवते. अंतर मोठे असेल तर तांबेच घ्यावे. केबल तीव्र कोनात वाकवू नये, खिळ्याने चेपू नये. आत चपटी झालेली केबल बाहेरून धडधाकट दिसते.

टोकाला एफ-कनेक्टर लावतात. यात केबलचा गाभाच पिनेचे काम करतो. गाभ्याभोवतीच्या धातूच्या जाळीचा एखादा तंतू गाभ्याला टेकला तरी वीजपुरवठ्यात शॉर्ट होतो. पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबयंत्राने आवळलेला कनेक्टर कितीतरी भरवशाचा. उघड्यावरच्या सांध्यावर जलरोधक टेप गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खालच्या बाजूने झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडते. एकदा जाळीत शिरलेले पाणी केबलमधून दूरवर झिरपते. अशी केबल बदलण्यावाचून इलाज नसतो.

डिशचा खांब आणि केबलची जाळी इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडावी. डिशसाठी वेगळी, घराच्या अर्थिंगशी न जोडलेली सळई पुरणे धोक्याचे आहे, कारण वीज जवळपास कोसळली तर दोन अर्थिंगांमध्ये मोठा विभवांतर निर्माण होतो. थेट पडणाऱ्या विजेपासून मात्र कोणतीही अर्थिंग उपकरणांना वाचवेल असे नाही.

बिघाड शोधताना डिश हलवण्याआधी कोणत्या वाहिन्या गेल्या ते पाहावे. फक्त आडव्या ध्रुवणातल्या गेल्या असतील, तर १८ व्होल्ट वरपर्यंत पोचत नाहीत: सांधा गंजलेला किंवा केबल फार लांब. दोन्ही ध्रुवणांतला वरचा भाग गेला, तर २२ किलोहर्ट्‌झचा सूर कुठेतरी अडतो आहे. केबलमधल्या मधल्या वारंवारतेत १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास येणाऱ्याच वाहिन्या मधूनमधून तुटत असतील, तर त्याच वारंवारतेवर चालणाऱ्या डेक्ट पद्धतीच्या बिनतारी फोनचा संकेत सैल कनेक्टरमधून आत शिरत असण्याची शक्यता तपासावी. सगळ्याच वाहिन्या एकदम कमजोर झाल्या, तरच डिशच्या दिशेकडे वळावे; ६० सेंमी.च्या डिशला सुमारे ३ अंशांच्या झोतातूनच उपग्रह दिसतो, आणि एखाद-दीड अंशाच्या सरकण्यानेही चित्र जाऊ शकते.