द्रुतगती मार्गावरील अतिवेगाच्या ई-चलानावर हरकत: कोण घेऊ शकतो, कागदपत्रे कोणती, अर्ज कसा करावा

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली. वेगमर्यादा ओलांडल्याची नोंद ही यंत्रणा स्वतः करते आणि चलानाचा संदेश नोंदणीकृत मालकाच्या मोबाईलवर जातो. या मार्गावर मोटारींसाठी सपाट भागात ताशी १०० आणि बोरघाटात ताशी ६० किलोमीटर अशी मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ नुसार अतिवेगासाठी हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड होऊ शकतो. गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. त्यामुळे आपण न केलेला गुन्हा ‘कशाला कटकट’ म्हणून स्वतःच्या नावावर चढू देणे योग्य नाही.

चलान मान्य नसेल तर त्याची रक्कम आधी भरू नये. ही रक्कम कलम २०० खालील तडजोडीची रक्कम असते. ती भरली की प्रकरण तेथेच मिटते आणि हरकतीला जागा उरत नाही. ‘आत्ता भरून टाकू, नंतर तक्रार करू’ हा विचार येथे चालत नाही. तसेच व्हॉट्सॲपवर एपीके (मोबाईलवर ॲप बसवणाऱ्या) फाइलसह आलेले ‘चलान’ उघडू नये, कारण अशा फायलींमधून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडतात. चलान खरे आहे का, हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवरच पाहावे. तेथे वाहन क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की प्रलंबित चलाने छायाचित्रासह दिसतात.

अर्ज लिहिण्यापूर्वी हे छायाचित्र मोठे करून शांतपणे पाहावे, कारण हरकतीचे बहुतेक सबळ मुद्दे त्यातच सापडतात. पाटीवरील प्रत्येक अक्षर व अंक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. रात्रीच्या किंवा पावसातील चित्रात रोमन ‘बी’ आणि आठ, ‘डी’ आणि शून्य यांची गल्लत होऊ शकते. वाहनाचा रंग आणि मॉडेल आपल्या गाडीशी जुळते का? चौकटीत दोन वाहने असतील तर वेग कोणाचा नोंदवला आहे? नमूद केलेले ठिकाण घाटात येते की सपाट भागात, आणि मर्यादा त्यानुसार धरली आहे का, हेही तपासावे. छायाचित्र उतरवून ठेवावे व स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसेल अशी काळजी घ्यावी.

हरकत घेण्याचा अधिकार प्रथम नोंदणीकृत मालकाला आहे. गाडी दुसरी व्यक्ती चालवत होती, एवढ्यावरून चलान रद्द होत नाही. उलट कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता व परवान्याचा तपशील देणे मालकावर बंधनकारक आहे. गाडी विकलेली असूनही नोंदणी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तोच मालक ठरतो. अशा वेळी नमुना २९ व ३० (मालकी हस्तांतरणाचे अर्ज) यांच्या प्रती, विक्रीचा करार आणि ताबा दिल्याची पावती जोडून हरकत घ्यावी आणि त्याचबरोबर हस्तांतरण पूर्ण करून घ्यावे, नाहीतर पुढची चलानेही जुन्याच मालकाला येत राहतील.

‘घाई होती’, ‘रस्ता मोकळा होता’, ‘सगळेच त्या वेगाने जात होते’ ही कारणे हरकत ठरत नाहीत. चित्रातील गाडी आपली असेल आणि वेगाबद्दल खरी शंका नसेल, तर रक्कम भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटातील मर्यादा अपघात पाहूनच ठरलेली आहे.

यंत्राच्या नोंदीबद्दल शंका असल्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ उपयोगी पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या या नियमानुसार यंत्राला अचूकतेचे मान्यता प्रमाणपत्र असावे लागते व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते, कॅमेऱ्याने देखरेख होत असल्याची सूचना देणारे फलक ठळकपणे लावावे लागतात, आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी लागते. चलानासोबत पाटी दिसणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण असणे अपेक्षित आहे. शिवाय रडार यंत्रांची वैध मापन (वजने-मापांच्या) कायद्याखाली पडताळणी व मुद्रांकन करून घेण्याचे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाले आहेत.

प्रमाणपत्राची प्रत मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात तो ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपये शुल्कासह, एकाच विषयावर व १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. मागणी नेमकी असावी: ‘अमुक चलान क्रमांकासाठी वापरलेल्या यंत्राचे त्या दिवशी वैध असलेले प्रमाणपत्र’. मात्र या उत्तराची वाट पाहत हरकत लांबवू नये. ती आधी नोंदवून प्रमाणपत्र मागितल्याचा उल्लेख त्यात करावा.

हरकत संकेतस्थळावरील किंवा ॲपवरील तक्रार विभागात नोंदवता येते. नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, ओळखपत्र, चलानाची प्रत आणि आपल्या मुद्द्याचा पुरावा जोडावा. गाडी त्या वेळी दुसरीकडे होती असे म्हणणे असेल, तर फास्टॅगचे विवरण (खालापूर व उर्से नाक्यांवरील नोंदींसह), सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड किंवा सोसायटीच्या फाटकावरील चित्रण कामी येते. आपल्या क्रमांकाची बनावट पाटी दुसऱ्या गाडीवर दिसल्यास पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि तिची प्रत जोडावी. मोबाईलमधील जीपीएसची नोंद पूरक म्हणून द्यावी, परंतु केवळ तिच्यावर विसंबू नये. मजकूर थोडक्यात असावा: चलान क्रमांक, वाहन क्रमांक, नेमकी चूक, तिचा पुरावा आणि ‘चलान रद्द करावे’ ही विनंती. तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

हरकत फेटाळली गेली तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा नाकबूल करता येतो. कलम १८३(३) नुसार यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घेतलेल्या मोजमापाचा आधार नसेल, तर केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावरून अतिवेगासाठी दोषी ठरवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रही लागते. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार सहा महिन्यांची मर्यादा आहे, म्हणून जुन्या चलानावर नोटीस आल्यास तारखा आधी पाहाव्यात.

लोकअदालतीची नोटीस आली असेल, तर तेथे वाद चालत नाही, तडजोड होते, आणि तिच्या निवाड्यावर अपील करता येत नाही. ज्याला चलान मुळातच अमान्य आहे, त्याने तेथे तडजोडीवर सही करू नये, आपले म्हणणे लेखी द्यावे आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.