सरोवरबर्फाचे आवाज व हालचाल

गोठलेल्या सरोवरावरील बर्फ तापमान, वारा आणि वरचे ओझे यांमुळे आकसतो, पसरतो, वाकतो, सरकतो. त्या वेळी निघणारे आवाज व पृष्ठभागावर घडणारे बदल यांचा परिचय हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गळ टाकणाऱ्यांना सर्वांत जवळून होतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिल लॅक्स या सुमारे ५३६ चौ. किमी. सरोवरावर जानेवारीत मासेमारांच्या झोपड्यांची वस्तीच उभी राहते. वॉलआय माशाच्या आशेने रात्र काढणाऱ्यांच्या पायांखाली बर्फ गडगडतो, कण्हतो, मध्येच शीळ घातल्यासारखा ओरडतो. नवखा माणूस दाराकडे धावतो; जुने लोक गळावरची नजर काढत नाहीत.

बर्फाचा तळ पाण्याला टेकलेला असल्याने कायम ०° से. वर राहतो, वरचा पृष्ठभाग मात्र हवेबरोबर थंड होत जातो. सूर्य मावळला की वरचा थर आकसू लागतो आणि खालचा तसाच राहतो. १ किमी. रुंदीचा बर्फ पूर्ण जाडीत १० अंशांनी थंड झाला, तर जवळजवळ अर्धा मीटर आखडायला बघतो. काठाला धरलेल्या बर्फाला ते जमत नाही. ताण वाढत जातो आणि एकदम तडा जातो. म्हणून आवाजांची खरी वेळ संध्याकाळ आणि रात्र. वर हिमाचे जाड पांघरूण असेल, तर तापमान सावकाश बदलते आणि सरोवर बरेच शांत राहते. उघडा, नितळ बर्फ सर्वांत बोलका.

आवाजाचा सूर अंतरावर ठरतो. तडा जाताच बर्फाच्या पत्र्यातून वाकण्याच्या लहरी धावतात. त्यांतल्या उंच सुराच्या लहरी पुढे पळतात, खर्जातल्या मागे पडतात. त्यामुळे दूरवरच्या तड्याचा आवाज लांब ताणलेल्या तारेवर दगड मारावा तसा, तीक्ष्ण सुरू होऊन खाली घसरत येतो. जवळचा तडा नुसता बंदुकीच्या बारासारखा वाजतो.

रात्री उघडलेल्या भेगेत पाणी चढून गोठते. दिवसा ऊन लागून बर्फ पसरतो, तेव्हा त्याला जागाच उरलेली नसते. मग तो भेगेच्या रेषेवर दबून उभा राहतो आणि तुकड्यांचा लांबलचक बांध तयार होतो. जपानमधील नागानो प्रांतातल्या सुवा सरोवरावर अशा बांधाला ‘ओमिवातारी’, म्हणजे देवाचे पलीकडे जाणे, म्हणतात. ताकेमिनाकाता हा देव समोरच्या काठावरील आपल्या पत्नीच्या भेटीला चालत गेल्याची ती खूण. शिंतो पुजारी १४४३ पासून तिच्या नोंदी ठेवत आले असून बांधाच्या दिशेवरून वर्षाच्या पिकाचे भाकीतही करतात. श्रद्धेने लिहिलेले हे टिपण आज हवामान अभ्यासकांच्या फार उपयोगाचे ठरले आहे. २०१८ च्या हिवाळ्यानंतर अनेक वर्षे तिथे ओमिवातारी उमटलीच नाही.

बर्फ वाकतो, हे भोकातल्या पाण्याकडे पाहिले तरी कळते. शेजारून गाडी गेली की पाणी वरखाली होते, कारण गाडीच्या वजनाने बर्फाखाली लाट उठते. उथळ पाण्यात गाडीचा वेग या लाटेच्या वेगाशी जुळला, तर बर्फ जास्तच वाकतो व फुटू शकतो. ५ मी. खोल पाण्यात हा वेग ताशी सुमारे २५ किमी. भरतो, म्हणून बर्फावर गाडी संथ हाकतात.

गडगडाट हे बर्फ कच्चा असल्याचे लक्षण नाही. त्याची पारख पहारीने ठोकून किंवा गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजूनच करावी लागते. पायी चालणाऱ्यासाठी मिनेसोटात किमान १० सेंमी. नितळ बर्फ सांगितला जातो. पांढरा, हिममिश्रित बर्फ असल्यास त्याच्या दुप्पट. मात्र या मोजमापाने वाऱ्याचा धोका कळत नाही, आणि मोठ्या सरोवरांवर तोच जास्त घातक. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ओहायो किनाऱ्याजवळ ईरी सरोवरावर मासेमारांनी एका भेगेवर लाकडी फळ्या टाकून पूल केला होता. वारा फिरला, भेग रुंदावली आणि पलीकडचा बर्फ माणसांसह आत निघाला. १३४ जणांना वाचवण्यात आले, एकाचा मृत्यू झाला. मिनेसोटाच्या अप्पर रेड सरोवरावरही नोव्हेंबर २०२२ मध्ये तुटलेल्या बर्फावरून सुमारे २०० जणांना काठावर आणावे लागले.

वसंतात काठापासून सुटलेल्या बर्फाला वारा जमिनीकडेही लोटतो. मे २०१३ मध्ये मिल लॅक्सच्या बर्फाचे ढीग वाऱ्याने काठावर चढले आणि घरांच्या दारे-खिडक्या फोडून आत शिरले.