जुनी फियाट घरी दुरुस्त करताय? नाशकात आरटीओचे कागद कसे आणि कधी लावायचे

जुन्या गाडीला हात लावायचा तर सर्वांत आधी पाना घेऊ नका, पेन्सिल घ्या. बोनेट उघडा, रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने चेसिस नंबरची जागा पुसा, त्यावर पातळ पांढरा कागद सेलोटेपने घट्ट बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. एकेक आकडा कागदावर उमटेल. आरटीओतले लोक यालाच 'पेन्सिल प्रिंट' म्हणतात. पुढच्या बहुतेक अर्जांना ही प्रिंट लागते, म्हणून चार-पाच प्रती काढून ठेवा. इंजिन नंबरचीही काढा.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. मामांची १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट, म्हणजे फियाटच, इंदिरानगरच्या घराच्या पार्किंगमध्ये कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मामा गेल्यावर ती मी घ्यायची ठरवली आणि उत्साहात आधी डेंटरला बोलावलं. त्याने सडलेला पत्रा घासला, पुट्टी भरली, प्रायमर मारला. चेसिस नंबर त्या पुट्टीखाली गाडला गेला. तो पुन्हा उघडा करायला दोन रविवार गेले, दाढीचं ब्लेड आणि थिनर घेऊन एकेक आकडा साफ करावा लागला. एक आकडा जरी घासून गेला असता तर गाडी कागदोपत्री कोणाची, हे सिद्ध करणंच अवघड झालं असतं.

आधी ठरवा: कोणत्या दाराने जायचं?

जुन्या खासगी गाडीला कायदेशीर रस्त्यावर आणायचे आज दोन मार्ग आहेत. एक, नेहमीचं नोंदणी नूतनीकरण. दुसरा, 'व्हिंटेज मोटर व्हेइकल' म्हणून नोंदणी. गाडीत काय बदल करता येतील हे या निवडीवर ठरतं, म्हणून हा निर्णय गॅरेजमध्ये शिरण्याआधी व्हायला हवा.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो. 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात' हे दिल्ली परिसरातल्या निर्बंधांवरून सगळीकडे पसरलं. नाशकात खासगी गाडीवर वयाची अशी सरसकट बंदी नाही. गाडी तपासणीत पास झाली आणि कर, विमा, पीयूसी (धूर तपासणीचा दाखला) जागेवर असलं की नूतनीकरण होतं.

व्हिंटेज नोंदणी: पात्रता

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत ८१ए पासून पुढची कलमं घातली आणि व्हिंटेज गाड्यांना देशभर एकच पद्धत मिळाली. दुचाकी आणि चारचाकी दोन्ही यात येतात. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असावीत. वापर वैयक्तिक असावा, धंद्यासाठी नाही. आणि गाडी मूळ स्वरूपात असावी: चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना हे लावून बघा. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० डिलाइट १९६४ पासूनची. तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी झालं. म्हणजे पहिल्या काही वर्षांतल्या पद्मिनीही आता ५० वर्षांच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहेत. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड पात्र ठरते. मारुती ८०० मात्र डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली, तिला २०३३ पर्यंत थांबावं लागेल. वय मोजताना कारखान्यातलं साल धरायचं नाही, आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) पहिल्या नोंदणीची तारीख धरायची.

मूळ स्वरूपाच्या अटीवर जरा थांबतो, कारण घरी काम करणाऱ्याची खरी कसोटी इथेच असते. फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. नाशिकचे चार पावसाळे उघड्यावर काढले की दरवाज्याखालचा पत्रा आणि पायाखालचा फ्लोअर हमखास सडतो. तेवढाच भाग कापून, त्याच जाडीचा पत्रा, त्याच आकारात वेल्ड केला तर ती दुरुस्ती. पण रुंद टायर बसावेत म्हणून चाकावरच्या कमानी कापल्या, छत खाली घेतलं, तर तो बॉडी शेलमधला बदल. माझा आग्रह असा की कापण्याआधी, कापल्यावर आणि वेल्डिंगनंतर, तिन्ही वेळा त्याच कोनातून फोटो काढा. सडलेला तुकडाही फेकू नका. प्रश्न आलाच तर काय केलं हे दाखवता येतं.

इंजिनाचंही तसंच. हेड उघडून व्हॉल्व्ह बसवले, रिबोअर करून पिस्टन-रिंगा बदलल्या, सोलेक्सचा कार्बोरेटर साफ केला, तर इंजिन तेच आणि नंबरही तोच. पण पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाच्या जागी ११८ एनई या प्रीमियरच्या नंतरच्या गाडीचं निसानवालं इंजिन टाकायची जी जुनी पद्धत आहे, ती केली की माझ्या मते व्हिंटेजचं दार बंद झालंच म्हणून समजा.

व्हिंटेजसाठी अर्ज

अर्ज फॉर्म २० मध्ये, परिवहनच्या पोर्टलवरून. सोबत चालू विमा पॉलिसी आणि जुनं आरसी बुक. गाडी परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ते १० वर्षं चालतं, पुढे फेरनोंदणीला ५,००० रुपये. गाडीला आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो, आणि घरातल्या गाडीचा नंबर हा सगळ्यांना पाठ असलेला नंबर असतो, त्यामुळे ही मोठी सोय वाटते. नव्याने नंबर घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं.

आता खरी गोष्ट ऐका. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन त्र्यंबकला जायचं, येताना गंगापूर धरणावर थांबायचं असं मनात असेल, तर हा मार्ग तुमचा नाही. मी म्हणूनच नेहमीचं नूतनीकरण घेतलं. गाडी फिरली तरच ती जिवंत राहते असं मला वाटतं.

नेहमीचं नूतनीकरण

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत, त्याहून आधी नाही. लागणारे कागद असे: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, आणि ती पेन्सिल प्रिंट. नूतनीकरणाच्या वेळी महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांवरच्या चारचाकीसाठी नूतनीकरण फी १०,००० रुपये आहे, तपासणीची फी वेगळी. मुदत उलटून गेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये उशीर शुल्क चढतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला हा आकडा जड होतो, म्हणून सुटे भाग घेण्याआधी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून एकूण रक्कम बघा आणि मगच खर्चाचा हिशोब मांडा.

जुन्या पुस्तकी आरसीच्या गाड्या अनेकदा 'वाहन' या आरटीओच्या ऑनलाइन प्रणालीत सापडतच नाहीत. तेव्हा आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, घ्यावी लागते. मूळ पुस्तक घेऊन पंचवटीत पेठ रोडवरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात जा, पुस्तकातली पानं आणि कार्यालयातली नोंद जुळली की गाडी ऑनलाइन दिसू लागते. गाडी मालेगावची, एमएच ४१ ची, किंवा मुंबई-पुण्याची असेल तर चौकशी मूळ कार्यालयापासून सुरू होते.

नावावर कशी करायची

मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्यांनिशी. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून येत असेल तर फॉर्म २८ वर तिथली एनओसी (ना-हरकत). मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर फॉर्म ३१, त्यासोबत मृत्यू दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. मामांची गाडी आधी मामींच्या नावावर झाली आणि मग माझ्या. मामीचा मुलगा बाहेरगावी असतो, त्याचं प्रतिज्ञापत्र येईपर्यंत सगळं अडून होतं, म्हणून घरातल्यांशी बोलणं पहिल्या दिवशीच करा. थेट 'मामाकडून भाच्याकडे' असा शॉर्टकट सुचवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आरसी हरवली असेल तर पोलिसांकडची हरवल्याची नोंद आणि फॉर्म २६. जुन्या आरसीवर एखाद्या बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो, कर्ज फिटून चाळीस वर्षं झाली तरी. तो फॉर्म ३५ आणि बँकेच्या ना-हरकतीशिवाय उतरत नाही. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत पत्र द्यावं लागतं. आणि पद्मिनी विकत घेत असाल तर आरसीवरचा वर्ग वाचा: कितीतरी पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी म्हणून आयुष्य काढून आल्या आहेत. टॅक्सीची नोंद असेल तर आधी ती खासगीत बदलून घ्यावी लागते.

बदल कोणते चालतात

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. परवानगीशिवाय असे बदल केले तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सीट कव्हर, सीट बेल्ट, नवीन वायरिंग, चांगला हॉर्न, मूळ मापाचे टायर यांनी आरसीचा तपशील बदलत नाही. रंगाने मात्र बदलतो, कारण रंग आरसीवर लिहिलेला असतो. राखाडी फियाट पोपटी केली तर त्याची नोंद करून घ्या, नाहीतर तपासणीच्या दिवशी अर्ज परत येईल. इंजिन पूर्ण बदललं तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. बदललेल्या इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद जपून ठेवा. भंगारातून बिनबिलाचं इंजिन घेऊ नका. स्वस्त पडतं, पण ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी चालवायची असेल तर मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा आणि आरसीवर इंधनाची नवी नोंद, या तिन्ही गोष्टी हव्यात.

तपासणीचा दिवस

नोंदणी संपलेली गाडी चालवत पेठ रोडला नेऊ नका. टोइंगच्या गाडीवर चढवा, पीयूसीलाही तशीच न्या. जाण्याआधी चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, हेडलाइटचा डिपर, वायपर, हॉर्न आणि हँडब्रेक तपासा. फियाटचा हँडब्रेक सैल असतोच, केबल आदल्या दिवशी ताणून घ्या. बोनेटची कडी तेल लावून मोकळी ठेवा आणि चेसिस नंबरवर रंगाचा थेंबही राहू देऊ नका.

माझ्या वेळी मोटार वाहन निरीक्षकांनी बोनेट उघडायला लावलं, टॉर्च मारला आणि पेन्सिल प्रिंटचा कागद नंबराशेजारी धरून एकेक आकडा बोटाने जुळवला. मग गाडी सुरू करायला सांगितली. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं.