गाडी विकली, स्टॅम्प पेपर केला, आता जबाबदारी संपली?

‘स्टॅम्प पेपरवर विक्रीचा करार करून नोटरी केली की पुढची जबाबदारी घेणाऱ्याची’ हे आपल्याकडे एजंटही छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव, तो मालक. त्यामुळे चलन तुमच्याच मोबाइलवर येतं आणि अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यातही तुम्हालाच ओढलं जातं.

सर्वोच्च न्यायालयापुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये असंच एक प्रकरण होतं. २००७ साली विकलेली गाडी हातोहात पुढे गेली, २००९ मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव मूळ मालकाचंच होतं. भरपाई त्याच्याच माथी आली. गाडी जवळपास दोन वर्षं त्याच्या ताब्यातही नव्हती! मला हे फार कठोर वाटतं, पण निकाल स्पष्ट आहे.

म्हणून गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल तर फॉर्म २९ भरून १४ दिवसांत आरटीओला विक्री कळवा आणि पोच जपून ठेवा. फॉर्म ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जावर, कोऱ्या सह्या करून डीलरकडे सोडू नका. महिन्याभराने परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का, ते स्वतः बघा.