काठी, काटा आणि आकडा : होडीच्या टाकीत किती उरलं?

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर आऊटबोर्ड, म्हणजे मागे टांगायचं इंजिन, लावलेल्या एखाद्या होडीत आता डिजिटल मीटर दिसतो. उरलेलं पेट्रोल लिटरमध्ये, तासाचा खप, सगळं एका चौकोनात. तरीही दोर सोडण्याआधी टाकीचं झाकण उघडतं, आत काठी जाते आणि ओली खूण बोटाने मापली जाते. नव्या माणसाला ही जुनी खोड वाटेल. मीटर कसकसा घडत गेला हे कळलं की तसं वाटत नाही.

आधी खाडीचं. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालेल्या ठाणे खाडीत पक्षी दाखवायला ऐरोलीहून बोटी निघतात, त्यांच्या वेळा घड्याळापेक्षा भरतीच्या कोष्टकावर ठरतात. भरती ओसरून तळ गाठायला सहा-सव्वासहा तास. या वेळात इंजिन बंद पडलं आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, लागली तर होडी चिखलात बसते ती पुढचं पाणी येईपर्यंत. उतरून ढकलावं म्हटलं तर पाय मांडीपर्यंत आत. रस्त्यावर पेट्रोल संपलं तर गाडी ढकलत पंपावर नेता येते. इथे पंप समोर दिसत असला तरी उपयोग शून्य.

शिडाच्या काळात हा प्रश्न नव्हता. अमेरिकेत ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आऊटबोर्ड इंजिन विकायला काढलं, त्या सुमारास मोटारींतही इंधन मोजायला काठीच होती. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली असे. सीट उचलायची, काठी बुडवायची, खूण पाहायची. म्हणजे आपल्या धक्क्यावरची काठी ही काही मागासलेली गोष्ट नव्हे, तिची वंशावळ चांगली आहे.

पुढे काठीच्या जागी तरंगता गोळा आला. मेकॅनिकच्या भाषेत फ्लोट. गोळा वरखाली होतो, त्याची दांडी एका विद्युतरोधावर सरकते आणि रोध बदलला की डॅशबोर्डवरचा काटा हलतो. इथे एक मेख आहे. काटा इंधन मोजतच नाही. तो दांडीचा कोन मोजतो, तोही वायरीतून आलेला.

त्यात दोन खंडांच्या दोन रीती. अमेरिकी फ्लोटमध्ये टाकी रिकामी असताना रोध सुमारे २४० ओहम आणि भरली की ३३. युरोपीय फ्लोटमध्ये रिकामीला १० आणि भरलीला १८०. एकाचा फ्लोट दुसऱ्याच्या मीटरला जोडला तर काटा उलटा चालतो, पण ते निदान पहिल्याच दिवशी लक्षात येतं. खरा धोका खाऱ्या हवेचा. जोड गंजला की रोध वाढतो, शेवटी वायर तुटते. अमेरिकी जोडणीत तुटलेली वायर ‘टाकी रिकामी’ सांगते. माणूस वैतागतो, पण किनाऱ्यावर असतो. युरोपीय जोडणीत तीच वायर ‘टाकी भरलेली’ सांगते. एकदा आमचा काटा तीन फेऱ्या जागचा हलला नव्हता आणि आम्ही इंजिनाच्या काटकसरीचं कौतुक करत होतो!

दुसरी अडचण टाकीच्या आकाराची. होडीचा तळ निमुळता, म्हणून तळात बसवलेली टाकीही पुष्कळदा खाली निमुळती. ४० लिटरची टाकी पूर्ण त्रिकोणी असेल, टोक खाली, तर पातळी अर्ध्यावर आली तेव्हा आत २० नव्हे, १० लिटरच असतात. ४० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात तासाला ढोबळमानाने १५ लिटर पितं. काट्यावर भिस्त ठेवणारा एक तास वीस मिनिटांच्या हिशेबाने निघतो आणि चाळिसाव्या मिनिटाला वल्हं शोधतो.

डिजिटल मीटर आले तेव्हा सुरुवातीला फक्त काट्याच्या जागी आकडा बसला. आत तोच फ्लोट, तीच वायर. चूक तीच, फक्त आता दशांश चिन्हासह. माझ्या मते इथेच बरेच जण फसले, कारण काट्याकडे माणूस संशयाने बघतो, आकड्यावर विश्वास ठेवतो.

खरा बदल मागच्या बाजूला होत होता. बोटीवरची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्स संघटनेने १९८३ मध्ये एनएमईए ०१८३ ही पद्धत आणली. तिच्यात एक यंत्र बोलणार, बाकीची ऐकणार. मोटारींतल्या वायरींचा गुंता सोडवायला बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन पद्धत जगापुढे ठेवली आणि तिच्याच पायावर पुढे एनएमईए २००० उभी राहिली. आता एका तारेवर टाकी, जीपीएस आणि इंजिन सगळे बोलू लागले. मीटरला टाकीचा आकार शिकवता येऊ लागला : थोडं थोडं इंधन मोजून ओतायचं, प्रत्येक टप्प्याला ‘हे इतके लिटर’ असं सांगायचं. लाटांवर पातळी डुचमळते, तिची सरासरी मीटर स्वतः काढतो.

शिवाय इंजिनाचा संगणक इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारी तोटी, किती वेळ उघडी राहिली यावरून किती जळलं ते सांगतो. म्हणजे उरलेलं मोजण्याऐवजी खर्च मोजायचा. जुन्या डिझेल इंजिनात हे किचकट. पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल पुढे ढकलतो आणि उरलेलं टाकीत परत येतं. दोन मापक लावून वजाबाकी करावी लागते, आणि दोन्हींतली बारीकशी चूक वजाबाकीत मोठी होते. खर्चाचा हिशेब कितीही नेमका असला तरी किती भरलं हे माणसानेच मीटरला सांगायचं असतं. ते विसरलं की पुढचं सगळं गणित चुकीचं.

फ्लोटशिवायचे मापकही आहेत. त्यांतला एक प्रकार द्रवाचा विद्युत गुणधर्म जोखतो. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला असा मापक इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये गडबडतो, कारण इथेनॉलचा तो गुणधर्म पेट्रोलच्या कितीतरी पट. पाणी तर त्याहून पुढचं.

आणि पाणी आपल्याकडे येतंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. अर्धवट भरलेली टाकी घेऊन होडी दोन महिने दमट हवेत उभी, आतल्या पत्र्यावर घाम धरतो आणि तळाशी उतरतो. फ्लोट सगळ्यांच्या वर तरंगतो. खाली डिझेल आहे की पाणी, त्याला फरक पडत नाही. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी आम्ही काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतो, पंपावरच्या टाक्या तपासताना वापरतात तसली. पडद्यावर ७२ टक्के. काठी वर येते, टोकाला बोटभर रंग बदललेला.