कबची टोपी उतरवताना

शाळेचं वर्ष संपत आलं की सोलापूरच्या शाळांमध्ये निरोप समारंभांचा हंगाम सुरू होतो. दहावीच्या निरोपाला भाषणं होतात, डोळे पुसले जातात, फोटो निघतात. त्याच सुमारास कब-बुलबुलचा, म्हणजे स्काऊट-गाईडच्या धाकट्या शाखांचा, गणवेश घालणारी लहान मुलंही मोठ्यांच्या पथकात जाण्याचा टप्पा ओलांडत असतात, पण त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा बक्षीस समारंभातली दोन मिनिटं येतात. नाव पुकारलं, प्रमाणपत्र दिलं, पुढचा या. ज्या स्काऊट चळवळीने या क्षणासाठी वेगळा विधी बसवला, तिच्या शाखांमध्येच तो असा उरकला जावा, याची कारणं इतिहासातही आहेत आणि आपल्या शाळांच्या रचनेतही.

सुरुवातीची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं आणि पुढच्याच वर्षी स्काऊटिंग पसरू लागलं. गंमत त्यानंतरची आहे. मोठे भाऊ गणवेश घालून शेकोटीला जायला लागले तशी धाकटी भावंडंही हट्ट धरून मागे लागली. त्यांना पथकात घ्यावं तर झेपत नाही, घरी बसवावं तर ऐकत नाहीत. यावर उपाय म्हणून 1916 मध्ये लहानांची स्वतंत्र शाखा निघाली. तिच्यासाठी गोष्ट घेतली किपलिंगच्या मोगलीची, म्हणजे आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलाची. पथकाऐवजी लांडग्यांचा कळप आला, मुख्य शिक्षकाला गोष्टीतल्या कळपाच्या म्होरक्यावरून अकेला म्हणू लागले आणि मुलं गोल करून उकिडवी बसून एका सुरात आरोळी ठोकू लागली.

पण लहानांची शाखा वेगळी काढली की तिच्यातून बाहेर पडण्याचा प्रश्न येणारच. कळपात रमलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या पथकात एकदम सर्वांत धाकटा होतो. कालपर्यंत तो षटकनायक, म्हणजे कळपातल्या सहा जणांच्या गटाचा म्होरक्या होता, आज त्याला साधी गाठ नीट येत नाही म्हणून कोणीतरी हसतं. अशी मुलं मधल्यामधे गळतात, हा अनुभव जगभरच्या स्काऊटमास्तरांचा आहे. कळपातून पथकात जाण्याचा विधी या सांध्यासाठी आहे.

त्याची मूळ मांडणी बघण्यासारखी आहे. मैदानाच्या एका टोकाला कळप गोलात उभा, दुसऱ्या टोकाला स्काऊट पथक घोड्याच्या नालाच्या आकारात. निघणारा मुलगा सवंगड्यांबरोबर शेवटची आरोळी देतो, एकेकाचा निरोप घेतो, आणि मग अकेला त्याला मधल्या मोकळ्या जागेतून पलीकडे घेऊन जातो. तिथे स्काऊटमास्तर डाव्या हाताने हस्तांदोलन करून त्याला घेतो आणि पथकातल्या ज्या संघात, म्हणजे छोट्या तुकडीत, तो जाणार, तिच्या संघनायकाच्या हवाली करतो. संघनायक हाही तेरा-चौदा वर्षांचा पोरगाच. या सगळ्यात प्रमाणपत्राचं काम फार थोडं. मधली दहा-पंधरा पावलं आणि पलीकडे वाट बघत थांबलेला तो पोरगा, खरा विधी एवढाच. अमेरिकेत याच प्रसंगासाठी छोटा लाकडी पूल मांडतात आणि मुलं तो ओलांडून जातात. फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये, म्हणजे स्काऊटिंग नुकतंच रांगत असताना, जगभरच्या संस्कारविधींमध्ये तीन टप्पे दाखवले होते : जुन्यापासून सुटणं, उंबऱ्यावर असणं, नव्यात सामावणं. मैदानावरच्या या विधीत तिन्ही टप्पे दिसतात.

भारतात मात्र विधीपेक्षा वचनाचा वाद मोठा ठरला. 1909 मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. भारतीय मुलांसाठी 1916 मध्ये मद्रासेत ॲनी बेझंट यांनी आणि 1918 मध्ये अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी आपापल्या संघटना उभ्या केल्या. मूळच्या इंग्रजी स्काऊट वचनात ईश्वराबरोबर राजाविषयीचं कर्तव्य होतं. दीक्षाविधीत तीन बोटं उचलून मुलगा जे म्हणणार, त्यात इंग्लंडचा राजा असावा का, हा प्रश्न सोलापूरसारख्या गावाला तर चांगलाच झोंबणारा. 1930 च्या मे महिन्यात इथे गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फाशी गेले. त्या वातावरणात घरातल्या पोराने राजनिष्ठेची शपथ घ्यावी, हे किती पालकांच्या गळी उतरलं असतं!

1937 मध्ये बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या शीलाबद्दल काढलेल्या अनुदार उद्गारांनी भडका उडाला आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी देशातल्या स्काऊट संघटना भारत स्काऊट्स आणि गाईड्स म्हणून एक झाल्या, 15 ऑगस्ट 1951 ला गाईडही त्यात आल्या. वचनात राजाच्या जागी देश आला आणि तो प्रश्न मिटला.

नंतर वाढली ती पायऱ्यांची उतरंड. कबांना चरण, स्काऊटला प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. यात वाईट काही नाही. पण पुरस्काराला दहावीच्या सवलतीच्या गुणांची जोड मिळाली की घरचं लक्ष साहजिकच कागदाकडे जातं, आणि ज्या टप्प्याला गुण नाहीत तो मागे पडतो. कळपातून पथकात जाण्याला कसलेच गुण नाहीत.

दुसरी अडचण साधी, पण जास्त चिवट आहे. चौथी झाली की आपल्याकडे पुष्कळ मुलं शाळाच बदलतात. कबचं पथक प्राथमिकमध्ये, स्काऊटचं हायस्कुलात, आणि दोन्ही शाळा वेगळ्या पेठांत, कधी वेगळ्या संस्थांच्या. म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहणार कोण? निरोप देणारे हजर, घेऊन जाणारे गैरहजर. माझ्या मते आपल्याकडच्या विधीचं प्रमाणपत्र वाटप झालं ते मुख्यतः यामुळे. कोणी मुद्दाम हयगय केली असं नाही.

खरं तर असे विधी सोलापूरला शिकवायला नकोत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी हा पांढरा अंगरखा घातलेली तरुण मंडळी नंदीध्वज, म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्या, पेलतात, त्याआधी कित्येक दिवस सराव चालतो. जुना मानकरी थकला की नव्या खांद्याने पुढे व्हायचं, आणि हे सगळं गावादेखत. भार नुसता देऊन भागत नाही, घेणाराही तयार लागतो, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

शहरात एकाच आवारात प्राथमिक आणि माध्यमिक भरणाऱ्या संस्थाही आहेत. तिथे हा विधी शनिवारच्या सकाळच्या शाळेत, ऊन चढायच्या आत, अर्ध्या तासात होऊ शकतो. खर्च काहीच नाही. जिथे शाळा वेगळ्या आहेत, तिथे ‘खरी कमाई’चा दिवस हाताशी आहे. शेंगाचटणी, भेळ नाहीतर सरबताचे स्टॉल मांडून पोरं चार पैसे मिळवतात, आणि त्या गडबडीत मोठ्या शाळेतल्या दोन-तीन संघनायकांना बोलावणं जड नाही. त्यांनी पाचवीला आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांची नावं लिहून न्यायची आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्गावर जाऊन त्यांना पथकात बोलवायचं.